नकाशात आमची विहीर

आज दुपारचं लिहितेय.

रायापूरचे एक वकील जुने लष्करी नकाशे जमवतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. "नोड्री, बघा अक्का, तुमचं गाव!" म्हणत त्यांनी एक नकाशा पुढ्यात पसरला.

अळणावरजवळच्या आमच्या गावची गढी इंग्रजांनी कशी घेतली, त्याचा नकाशा. फौजेची तांबडी रेघ रानातून गुपचूप गढीच्या मागे निघते. वाटेत एका विहिरीपाशी इंग्रजीत लिहिलंय, 'वाटाड्या इथे मिळाला.'

तिथे एकच विहीर आहे, आमच्या परसातली.

गावच्या जत्रेत पालखी दारोदार थांबते, फक्त आमच्या दारात थांबत नाही. का, ते कुणी सांगत नाही. तरी माझे वडील, अप्पा, दरवर्षी आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभे राहतात. जत्रा आठवड्यावर आलीय.

मी नकाशा गुंडाळू लागले. अण्णा मात्र खुशीत म्हणाले, "गावच्या ग्रुपवर फोटो टाकलाय सकाळीच."

घरी आले, तर अप्पा मोबाइलवर तोच फोटो मोठा करून बघत होते. "विहिरीपाशी काय लिहिलंय गं? माझा चष्मा कुठाय?"

तासभर झाला, ते चष्मा शोधताहेत. तो माझ्या मुठीत आहे. तुम्ही दिला असता?