निम्म्यावर आलेला आकडा

नारिनच्या खोऱ्यात शर्यतीचे घोडे तयार करावेत ते कादिरअलीनंच. अंगावर जाड कांबळं टाकून घोड्याचा घाम काढायचा, फाजील पाणी उतरवायचं, मग पोटाला हात लावून मालकाला सांगायचं, आता पळव. अशा माणसाच्या पायांत पाणी भरलं. हृदय थकलंय म्हणाले. नशिबाची थट्टा, दुसरं काय!

धाकटा भाऊ इस्माण. त्यानं एकदा याचं न ऐकता अर्धवट तयारीचा घोडा पळवला, घोडा मेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एक हट्टी तर दुसरा सवाई हट्टी.

कादिरअलीची मुलगी बुरुल म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायची. हृदयावर किती ताण पडतोय ते रक्तातल्या एका आकड्यावरून कळतं म्हणे. औषधं सुरू झाली की तो उतरायला हवा. याचा दुप्पट झाला. डॉक्टरीणबाईंनी बुरुलला बाजूला घेतलं. औषध देऊनही ज्यांचा आकडा असा चढतो ते बहुधा पुढचा हिवाळा बघत नाहीत, म्हणाल्या. कुणाला भेटायचं असेल तर भेटू दे.

आमच्याकडे असलं काही आजाऱ्याच्या तोंडावर सांगत नाहीत. ऐकूनच माणूस खचतो. बुरुल हसऱ्या तोंडानं बाहेर आली.

"निम्म्यावर आला, बाबा."

म्हातारा खुलला. आल्यागेल्याला चहा पाजून तेच सांगत सुटला. खरं तर त्याला वर कुरणावर इस्माणकडे जायचं होतं. डोळे मिटण्याआधी एकमेकांना 'माझ्या मनात काही नाही' म्हणायची रीत आहे, ती राहिली होती. पण आता म्हणाला, "घाई कशाला? धाकटा आहे तो. थंडीच्या तोंडावर खाली उतरेल, तेव्हा त्यानंच यावं."

बाबा, आजच जा, हे बुरुलच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. ती चहा ओतत राहिली.

उन्हाळ्यातच, गवताची कापणी व्हायच्या आत म्हातारा गेला.

इस्माण आला तो रीतीप्रमाणे लांबूनच, घोड्यावरून हंबरडा फोडत. उतरला, आणि बुरुलला पोटाशी धरून लहान पोरासारखा रडला.

"पोरी, मी निघालो होतो गं त्याला भेटायला. खोगीरसुद्धा चढवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, त्याचं दुखणं निम्म्यावर आलंय. म्हटलं, बरा होतोय ना, मग बोलवू दे त्यालाच आधी. उतरवलं खोगीर."

खरा आकडा किती होता, हे बुरुलनं काकाला अजून सांगितलेलं नाही.