तुर्की चीक

देवीदासच्या मळ्यावर त्याचे सासरे किसनराव वर्षातून एकदाच येत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, लेकीला माहेरी न्यायला. चांदूर रेल्वेहून गाडीनं बडनेरा आणि तिथून टांग्यानं भातकुलीच्या रस्त्यावरच्या मळ्यापर्यंत. हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, काखेत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि ठेचा. लिंबाखाली बसून ते आपलीच भाकर खात, आपलंच पाणी पीत आणि लेकीला व नातीला घेऊन साडेपाचच्या गाडीनं परत जात. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

याचं कारण देवीदासच होता. १९१५ साली तो खेचरांच्या पलटणीत भरती होऊन समुद्रापार इराकात गेला, तिथं वेढ्यात सापडला आणि अडीच वर्षं तुर्कांच्या कैदेत राहिला. डोंगरात रेल्वेचा बोगदा खणता खणता त्याला भटारखान्यात घेतलं, म्हणून वाचला. परत आल्यावर पंचांनी पंगत घेऊन त्याला जातीत घेतलं. किसनराव तेवढे अडून बसले. "पंच जेवले थे त्याहीचं पोट. तुर्काच्या हातचं खाल्लेल्याच्या घरी मी पानी पेनार नाई."

१९२४ साली मात्र मैनाबाईनं बापाला अंगणातच अडवलं.

"बाबा, अवंदा मी येत नाई. या घरचं घोटभर पानी घ्या, मंग गठुडं बांधतो."

"मंग राह्य इथंच," किसनराव म्हणाले आणि लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसले.

देवीदासला हे अंगणातल्या चुलीपाशी ऐकू आलं. बाप-लेक एकाच मातीचे. आज म्हातारा एकटा परत गेला, तर बायकोचं माहेर कायमचं तुटणार, आणि तेही त्याच्यापायी. पण मध्ये बोलायची सोय नव्हती आणि चुलीपासून हलायचीही. कुरडयांचा चीक कालच काढला होता. त्यातला पावशेर त्यानं लोकूम नावाच्या तुर्की वडीसाठी बाजूला ठेवला होता, आणि या उन्हात तो उद्यापर्यंत टिकला नसता. ही वडी त्याला भटारखान्यातल्या तुर्की आचाऱ्यानं, हसन उस्तानं, शिकवली होती. साखरेच्या पाकात चीक सोडायचा आणि दोन तास ढवळत राहायचं. हात थांबला की गाठ झालीच.

लिंबाखालून किसनराव बघत होते.

"काय करून राह्यले, जवाईबुवा?"

"तुर्की चीक, मामाजी."

"चिकात बी तुर्क घुसवला काय?"

किसनरावांनी मान उंच करून चुलीकडे पाहिलं. "तुमचा हात उलटा फिरून राह्यला. बुडाले लागते."

"लागत नाई."

"मले वास येऊन राह्यला."

चांदूरच्या गल्लीत कुरडयांच्या दिवशी बायका किसनरावांना घरोघर बोलावत. आठ घरांचा चीक त्यांच्या हाताखालून जाई. दुसऱ्याचा ढिला हात पाहणं त्यांना सोसत नसे. ते उठले, धोतर खोचलं आणि म्हणाले, "सरका."

देवीदास सरकला. म्हातारा तासभर एका लयीत दांडा फिरवत राहिला आणि मधून मधून चौकशी करत राहिला.

"मीठ टाकलं?"

"नाई. मागच्या साली तुमच्या लेकीनं सवयीनं मीठ अन् हिंग टाकला. बैलानं बी तोंड लावलं नाई."

"गहू कोनता?"

"तुमच्याच वावरातला. दिवाळीले पाठवला होता थो."

"साखर?"

"इतवाऱ्याच्या बाजारातली."

"अन् हे वासाचं पानी?"

"गुलाबाचं. समोरच्या ताटव्यातलं, हिवाळ्यात काढलं."

किसनरावांनी दांडा उचलून धार पाहिली. "मंग याच्यात तुर्काचं काय हाय?"

"ढवळनं, मामाजी."

"थे तं मी करून राह्यलो."

चीक काचेसारखा झाला. तेल लावलेल्या परातीत ओतला. दांड्याच्या टोकाला गोळा चिकटला होता. चीक उतरला की दांडा चाखून पाहायचा, ही किसनरावांची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी तो गोळा बोटानं ओढला, फुंकला आणि तोंडात टाकला.

मग त्यांच्या लक्षात आलं. ते काही तरी बोलायला गेले, पण उरलेले पाचही दात लोकूममध्ये रुतले होते. त्यांनी हात वर केला, जावयाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात मैनाबाई उभी होती. ती हसली नाही. आत जाऊन तिनं लांब दांडीच्या तांब्याच्या भांड्यातून तुर्की पद्धतीची काळी कॉफी कपात ओतून आणली.

"बाबा, हे कडू पानी प्या. त्याच्याबिगर सुटत नाई थे."

किसनराव प्याले. दोन घोटांनंतर जबडा मोकळा झाला.

"इख हाय हे," ते म्हणाले. "वडी बरी हाय. कवा पाडता?"

"रातभर थंडी व्हा लागते," देवीदास म्हणाला. "सकाळी."

"म्हंजे मी ढवळू अन् पाडनार तुमी? वाकड्या पाडून ठेवसान." त्यांनी पुन्हा परातीकडे पाहिलं. "मैने, गठुडं उद्या बांध. अन् रातच्याले भाकरीसंगं काय हाय?"

"झुनका."

"कांदा जास्त टाकजो," किसनराव म्हणाले आणि कप पुन्हा भरायला पुढे केला.