न घातलेलं पाणी

दिल्लीत, मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटखाली, तळमजल्यावर, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. मूळचे कानपूरचे. मी त्यांना अंकल म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला आंटी. त्यांच्या दारापुढे दोन चटया अंथरता येतील एवढी जमीन होती आणि तिच्या कोपऱ्यात एक वेली गुलाब. तो त्यांच्या खिडकीवरून चढून आमच्या पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत यायचा आणि कठड्यावर पसरायचा. मूळ त्यांच्याकडे, फुलं आमच्याकडे, असं बरीच वर्षं चाललं होतं.

मला गुलाबातलं काही कळत नव्हतं. अंकलनी शिकवलं. ऑक्टोबरात छाटणी झाली की ते खाली उभे राहून सांगायचे आणि मी वर कठड्याशी फांद्या बांधायचे. लांब फांदी सरळ उभी राहिली तर फक्त शेंड्याला फुलते, तीच आडवी बांधली तर तिच्या डोळ्याडोळ्यातून धुमारे फुटतात. "बेटा, इसको खड़ा मत करो, लिटाओ," असं ते खालून ओरडायचे. सुतळीने साल कापते म्हणून मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून सैल गाठी मारायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई माझे हात बघून विचारायची, मांजर पाळलंय का. फेब्रुवारीत फिकट गुलाबी घोसांनी आमचा कठडा दिसेनासा व्हायचा. रस्त्याने जाणारं कुणी वर बघून कौतुक केलं, तर मी आवर्जून सांगायचे की गुलाब अंकलचा आहे.

मग नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं आली. नवऱ्याला नव्याने आलेल्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली. घरात मोठा टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं, सासूबाई पुण्याहून कायमच्या राहायला आल्या. मुलगी नववीला होती आणि तिचा अभ्यास स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ लावून चालायचा. कॉलनीत जिकडेतिकडे बाल्कन्यांच्या पुढे जादा खोल्या निघत होत्या. पण ती खोली एकट्याने काढता येत नव्हती. खांब जमिनीतून उठवायचे, म्हणजे आधी तळमजल्याने बांधायला हवं, मगच वरच्यांना. दुसऱ्या मजल्यावरचे तयार होते, आम्ही तर उतावीळ होतो. आंटीसुद्धा तयार होत्या. अंकल नाही म्हणाले. एक खांब नेमका गुलाबाच्या मुळावर येत होता, आणि एवढं जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

नवरा घरी येऊन चिडून म्हणाला, एका झाडापायी तीन घरं अडली. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. पण मनातून मला त्याचं पटलं होतं.

पुढच्या मे महिन्यात सुनेच्या बाळंतपणासाठी अंकल-आंटी सहा आठवडे कानपूरला गेले. फाटकाची किल्ली अंकलनी माझ्या हातात दिली. लूचे तापलेले वारे वाहताहेत, नळाला पाणी आलं की पाइप लावून ठेव, एक दिवसही चुकवू नको, असं दोनदा बजावून गेले.

पहिले चार दिवस मी पाणी घातलं. पाचव्या दिवशी खरोखर विसरले. सहाव्या दिवशी सासूबाईंना ताप होता. सातव्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना पाहिलं, तर कोवळ्या शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. मी खिळ्यावरची किल्ली काढली, चपला घातल्या आणि दारातच थांबले. हा गेला तर खोली होईल. असा, इतक्या उघड शब्दांत तो विचार आला. मी किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि पोळ्या करायला घेतल्या.

त्यानंतरचे सगळे दिवस मी विसरले नव्हते. रोज नळाला पाणी यायचं, रोज मला आठवायचं. पानं आधी पिवळी पडली, मग कुरकुरीत होऊन बाल्कनीत गळली. मी ती झाडून टाकायचे. फांद्या मात्र मी मारलेल्या गाठींमध्ये तशाच आडव्या होत्या. नवऱ्याने एकदा विचारलं, खाली पाणी घालतेस ना? मी हो म्हटलं.

अंकल परत आले त्या दिवशी मी बाल्कनीतून बघत होते. सामान तसंच ठेवून ते गुलाबाशी गेले. नखाने एका फांदीची साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. मग थोडं खाली, मग आणखी खाली, असं करत ते जमिनीपर्यंत वाकले. नंतर बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून कानपूरचे लाडू दिले. आंटी काहीतरी पुटपुटल्या, तर अंकल त्यांनाच म्हणाले की हिने जे करायचं ते केलं, या उन्हापुढे कुणाचं चालतं, मेमध्ये मीच जायला नको होतं. पुढे जो विचारेल त्याला ते हेच सांगत. लाडू मी त्यांच्यासमोर खाल्ला.

ऑगस्टमध्ये त्यांनी होकार दिला. दिवाळीपर्यंत खोली झाली. मुलीचं टेबल तिथे लागलं, ती दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या खोलीत मी फारशी बसले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अंकलनी कॉलनीच्या बागेच्या कमानीशी नवा वेली गुलाब लावला होता. तो बांधण्याजोगा झाल्यावर मला बोलवायला वर आले. तुझ्यासारख्या गाठी कुणाला जमत नाहीत, म्हणाले. मी साडीच्या पट्ट्या घेऊन गेले. त्यांनी फांदी वाकवून धरली आणि माझे हात काही उचलेनात.

"अंकल," मी म्हणाले, "तुम्ही कानपूरला होतात तेव्हा मी पाणी घातलं नव्हतं."

त्यांनी फांदी सोडली. मग हळूच विचारलं, "भूल गई थी?"

नाही म्हणायचं ते इथेच, हे मला कळत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी हो म्हणावं, एवढंच त्यांना हवं असावं असं वाटलं.

"हो," मी म्हणाले. "विसरले."

"हो जाता है, बेटा," ते म्हणाले. मग माझ्या वतीने त्यांनीच सगळं सांगितलं: माझं ऑफिस, सासूबाईंचं आजारपण, मुलीचं दहावीचं वर्ष. माझ्या डोक्यावर हात ठेवला. फांदी पुन्हा पुढे केली आणि मी ती बांधली.

त्यानंतरही ते गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडेच द्यायचे. मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जायचे, ताप असला तरी. काही वर्षांनी फ्लॅट विकून ते दोघं मुलाकडे निघाले. सामान बांधायला मी खाली गेले होते. अंकल माझ्यासमोर आंटींना म्हणाले, ही मुलगी स्वतःहून येऊन चूक सांगणारी आहे, असं हल्ली कोण करतं. आंटींनी हातातली चादर घडी करता करता माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मी मान खाली घातली आणि भांडी कागदात गुंडाळत राहिले.