मज्जातंतू : अर्थ व वाक्यात उपयोग

सरांनी कंपासपेटीतलं कर्कटक उघडलं आणि त्याचं टोक माझ्या अंगठ्यात रुतवलं. सगळ्या वर्गासमोर.

"लागतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं.

लागत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खाली पडू नये म्हणून मी फळ्याकडे बघत राहिले. फळ्यावर सरांच्या सुंदर अक्षरात 'मज्जातंतू' लिहिलं होतं. सर वर्गाला म्हणाले, "बघा. दुखल्याची खबर मेंदूला पोचवतात ते मज्जातंतू. या लोकांचे ते मेलेले असतात. म्हणून तर ही कामं यांनाच जमतात." पोरं हसली नाहीत. त्यांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. हसली असती तर बरं झालं असतं.

ही कामं म्हणजे काजू फोडणं. रत्नागिरीजवळचं आमचं गाव, साल ब्याऐंशी की त्र्याऐंशी, मी आठवीत. सर शास्त्र शिकवायचे आणि त्यांच्याच बागेत काजूची शेड होती. आमच्या बौद्धवाडीतल्या बायका तिथे ओळीने बसायच्या. भाजलेली बी दगडावर धरायची, लाकडी ठोकळ्याने ठोकायची, गर अख्खा काढायचा. टरफलातला चीक उडाला की कातडी भाजते, काळी पडते, सोलून निघते. हाताला राख फासायची, एवढाच उपाय. माझी आई तिथे नऊ वर्षं होती. रविवारी आणि मे महिन्यात मीही.

सर शेडमध्ये फेरी मारायचे आणि एकेकीला विचारायचे, लागत नाही ना? किती माया आहे यांना, असं मला लहानपणी वाटायचं. जी 'व्हय' म्हणाली तिला दुसऱ्या दिवसापासून बोलावणं नसायचं. म्हणून आईने मला आधी 'नाय' म्हणायला शिकवलं, मग बी फोडायला. वर्गात माझ्या तोंडून तेच निघालं. सवयीने. शेड नव्हती, बी नव्हती, तरी निघालं. त्या सवयीची मला आजही किळस येते.

सरांचा शिरस्ता होता. धड्यातला अवघड शब्द घरी न्यायचा, अर्थ लिहायचा, वाक्यात उपयोग करायचा. संध्याकाळी मी वही उघडून बसले. आई चुलीपाशी होती. मी विचारलं, चीक उडाला की तुला दुखतं का? असलं काही आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. आईने तव्यावरची भाकरी उलटली. 

"दुखतं गो," ती म्हणाली. "नऊ वरसां दुखतंय. पन आपन म्हनायचं नाय."

मी लिहिलं. अर्थ सरांनी सांगितला तोच. पुढे वाक्यात उपयोग : माझ्या आईचे मज्जातंतू जिवंत आहेत. आज सरांनी टोचलं तेव्हा मलाही लागलं, मी खोटं बोलले.

आईला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला टेबलापाशी बोलावलं. वही माझ्यापुढे सरकवली. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, खोड हे. मी उभीच. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला उद्या कामावर यायचंय ना?"

माझ्या हातात पेन होतं. दोन ओळी तर खोडायच्या होत्या. सगळा वर्ग बघत होता.

"खोडणार नाही, सर," मी म्हटलं. "लागलं होतं."

सकाळी आई शेडवर गेली आणि तासाभरात परत आली. काम गेल्याचं आणि माझ्या वहीचं तिला तिथेच कळलं होतं. मला वाटलं, मारेल. तिने मारलं नाही.

"आता खाव काय," तिने विचारलं, "तुझी वही?"

नंतर ती चिरेखाणीवर गेली. डोक्यावर जांभा दगड वाहून वाहून तिची मान कायमची वाकली. ती वारली तेव्हाही सरळ झाली नाही. तिला न विचारता मी तिचं काम घालवलं, हे मला झोपू देत नाही. खोडलं असतं तर, असं मी हजार वेळा मनात करून पाहिलं. प्रत्येक वेळी माझा हात खोडत नाही.

पण पहिला तो 'नाही सर', तो मागे लागलाय. वर्गात आम्ही चाळीस जण होतो. माझी सोडून एकोणचाळीस वह्यांत माझ्या साक्षीने लिहिलं गेलं की आमचे मज्जातंतू मेलेले असतात. त्या पोरांतली एक आज डॉक्टर आहे. एक शेड चालवतो. काही जण मास्तर झाले.

एकेकाला मी गाठते. बाजारात, लग्नात, दवाखान्यात. समोर उभी राहून सांगते की मला लागलं होतं. कुणी नजर चुकवतं, कुणी म्हणतं आठवत नाही. मग मी पहिल्यापासून सांगते, आठवेपर्यंत. एकवीस जण झाले. अठरा उरलेत. एकालाही सोडणार नाही.