सेफू फाटकातून गेला

शाळेत सगळ्यांत उंच म्हणून सेफू कोबेलोला गोलात उभं केलं गेलं, आणि पुढे त्यावरच त्याचं पोट चाललं. मोरोगोरोच्या मकोंगे फुटबॉल क्लबात त्याने आपलं सारं तारुण्य दोन खांबांच्या मध्ये काढलं. त्या पगारावर घर बांधलं, बहिणीचं लग्न लावलं. खेळ शिकवणारे मास्तर आले नि गेले; गोलकीपर तोच राहिला.

गेल्या हंगामापासून मात्र डावा गुडघा दगा देऊ लागला. ते एकट्या झुहुराला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. रोज पहाटे ती गुडघा शेकायची.

"मास्तरांना सांगून टाका की."

"सांगितलं की इदी गोलात. मग मी घरी बसून चुलीवर उगालीचं पीठ ढवळू?"

"ढवळा. तेवढाच माझ्या हातांना आराम."

इदी हा दुसरा गोलकीपर, विशीतला. सेफूला एवढा हंगाम निभावून न्यायचा होता; पुढचा करार त्यावरच ठरणार होता.

शेवटचा सामना परगावी होता. हरलो तर क्लब खालच्या श्रेणीत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी बस मैदानाच्या मागच्या भिंतीपाशी थांबली. यजमानांनी फाटकात काहीतरी मंतरलेलं पुरलंय, असं क्लबाच्या मगांगाने, म्हणजे मांत्रिकाने, कौल लावून सांगितलं होतं. तेव्हा क्लबातल्या वडीलधाऱ्यांचा हुकूम निघाला, की भिंतीवरूनच आत उतरायचं. यात नवल काहीच नव्हतं. सेफूने अशा कितीतरी भिंती ओलांडल्या होत्या. पोरं एकेक करून पलीकडे उड्या टाकू लागली. त्याने भिंतीची उंची पाहिली. इथून उडी म्हणजे गुडघ्याचा निकालच.

"मी फाटकातून येतो," तो म्हणाला.

वडीलधाऱ्यांतले लुकुबा आजोबा काठी टेकत पुढे आले. "डोकं फिरलं का तुझं? सगळ्यांना बुडवशील."

"आज अंगात जोर नाही, आजोबा."

"अंगात नाही, की खिशात यजमानांचं काही पडलंय?" भिंतीवर बसलेला कप्तान टाबू म्हणाला. दोघेतिघे हसले.

ते सेफूला झोंबलं. तरी तो वळसा घालून एकटाच फाटकातून आत गेला.

किबासा मास्तरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी त्यालाच खेळवलं. उजवीकडचे चेंडू त्याने असे अडवले की यजमानांचे लोकही टाळ्या वाजवू लागले. शेवटी शेवटी एक साधा चेंडू डावीकडून सरपटत आला. सेफूने पाय रोवला, पण शरीर उचललंच गेलं नाही. बोटांपासून वीतभर अंतरावरून चेंडू आत गेला. तेवढ्या एका गोलाने मकोंगे हरले.

सामना संपल्यावर बस परत निघाली.

"फाटक," एवढंच लुकुबा आजोबा म्हणाले.

सेफू मनात म्हणाला, हे बरंच झालं. फाटकाला बोल लागला, तर हाताला लागत नाही. फाटकातून गेलेला गोलकीपर दुसरा एखादा क्लब घेईलही; गुडघा गेलेला कोण घेणार?

मास्तर उठून त्याच्या शेजारी येऊन बसले. "फाटकाचं सोड. असला चेंडू तू झोपेतही अडवतोस. आज काय झालं?"

टाबू मान वळवून बघत होता. खिशाचं ते बोलणं अजून त्याच्या नजरेत होतं. सेफूने मोजा खाली केला, पट्टी सोडली. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"कधीपासून?"

"गेल्या हंगामापासून."

टाबूने नजर खाली वळवली. लुकुबा आजोबा वाकून गुडघ्याकडे बघत राहिले.

"सांगायचंस की, गाढवा. आम्ही चौघांनी तुला उचलून पलीकडे ठेवलं असतं."

"आणि उचलून आणलेल्याला गोलात उभं केलं असतंत?"

मास्तरांनी पट्टी उचलली आणि आपल्या हाताने परत बांधायला घेतली.

सेफू त्यानंतर कुठल्याच क्लबाकडून खेळला नाही. मोरोगोरोत लोक अजून म्हणतात, फाटकातून गेला म्हणून त्याचा गुडघा गेला. गुडघा आधीच गेला होता, असं तो काही दिवस सांगत असे. आता सांगत नाही.