बदलीचा चहा

आमच्या कामात एक नियम आहे, तो कुठल्याही कायद्यात सापडणार नाही. बदलीवर गेलेली बाई त्या घरचा चहा पीत नाही. एखादी गावाला गेली किंवा आजारी पडली की दुसरी तिच्या घरांची भांडी आणि केर-लादी करते. मालकीण चहा विचारतेच. बदलीवालीने म्हणायचं, "नको, बाई आली की तिला द्या." घर पहिलीचंच आहे हे त्यावरून सगळ्यांना कळतं. चहा घेतला म्हणजे घर धरलं, आणि मग झिंज्या धरण्यापर्यंत मजल जाते.

मी घरकामगारांच्या युनियनची खांदेश्वर भागातली प्रतिनिधी. प्रतिनिधी म्हणजे फार मोठं काही नाही. सकाळी मीही लोकांची भांडीच घासते आणि उरलेल्या वेळात लोकांशी भांडते. दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं. नवरा म्हणतो, तुला भांडायला दिवस पुरत नाही. खरंच आहे ते, आणि या गोष्टीतल्या माणसांबद्दल गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही.

ज्या सोसायटीत हे घडलं ती स्टेशनच्या जवळच आहे. तिला दोन लिफ्ट. एक रहिवाशांची, आत आरसा लावलेली. दुसरी कामवाल्या बायका, गॅस सिलिंडर आणि कुत्री यांच्यासाठी. ही दुसरी बंद पडली ती पडलीच, कारण तिच्यावाचून सोसायटीतल्या कोणाचंच काही अडत नव्हतं. आम्ही जिने चढत होतो. आमच्यात सगळ्यात जुनी एक मावशी आहे. नवरा नाही, गुडघे कामातून गेलेले. चालवत नाही म्हणून तिने लांबची कामं सोडली आणि पाचही घरं याच सोसायटीत धरली. एक दिवस ती आरशाच्या लिफ्टने अकराव्या मजल्यावर गेली. सेक्रेटरीने ते कॅमेऱ्यात पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवर तिची एन्ट्री बंद केली. आता सगळं अ‍ॅपवर चालतं. एक बटण दाबलं की बाईची सगळी घरं एकदम तुटतात. मावशी फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसली आणि तिने मला फोन लावला. रडत नव्हती. एवढंच विचारत होती, "आता या पायांनी मी कुटं जाऊ गं?"

मी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये गेले. खुर्च्या भरपूर होत्या, बसा कोणी म्हटलं नाही. मी एक ओढून घेतली. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट.

"बाई, मला युनियन शिकवू नका," तो म्हणाला. "मी स्वतः बँकेत वीस-पंचवीस वर्षं युनियन चालवलीय. कॅशियरच्या डोक्यावर पंखा नव्हता, तर आम्ही अख्खी ब्रँच बंद पाडली होती."

"मग साहेब, पंखा नाही म्हणून ब्रँच बंद, आणि लिफ्ट नाही म्हणून बाई बंद, हे कसं काय?"

"तो वेगळा विषय आहे. ते स्टाफ होते."

दारू पिऊन अंगावर येणाऱ्या मालकाचाही मला कधी इतका राग आला नाही. दारुड्या निदान शुद्धीत नसतो. हा माणूस पूर्ण शुद्धीत होता, स्वतः लढून मिळवलेल्या पंख्याखाली जन्मभर बसला होता आणि आता आमचे जिने मोजत होता. मी निघाले तसा तो माझ्यामागे गेटपर्यंत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "टेन्शन कशाला घेता? तिची घरं तुम्हीच घ्या ना. तुमचं काम चांगलं आहे असं ऐकलंय."

एकजूट कशी फोडायची हे तो युनियनमध्येच शिकला असणार. मी म्हटलं, "तुमची भांडी तुम्हीच घासा साहेब, पंखा लावून." वॉचमन हसला आणि लगेच मान खाली घालून मोबाईल बघायला लागला.

संध्याकाळी बायका जमल्या. सगळ्यांना काम बंद करायचं होतं. मी नको म्हटलं. काम बंद केलं की एजन्सीच्या बायका येतील आणि मावशीची घरं कायमची जातील. त्यापेक्षा बदल्या पाठवू. भांडी आणि केर-लादी करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. दिवाळी तोंडावर आली होती. पंखे, जाळ्या, पोटमाळे, डबे हे सगळं मावशी आली की ती करील, असं सांगायचं. चहा तर नाहीच. पाच घरांना पाच जणी ठरल्या. मावशीच्या पाचांतलं एक घर खुद्द सेक्रेटरीचंच होतं. तिथे जायला कोणी तयार होईना, म्हणून मी माझ्या धाकट्या जावेला पाठवलं. म्हटलं, घरातलीच आहे, विश्वासाची. माझीच अक्कल.

डाव बरा चालला. चहा नाकारलेला मालकिणींना फार लागतो. अकराव्या मजल्यावरचीने तर विचारलं, "का गं, माझ्या हातचा चालत नाही का?" बदलीवाली म्हणाली, "चालतो की. पन तो मावशीचा हाय." शेजारच्या बिल्डिंगमध्ये पडदे धुऊन वाळत होते आणि यांच्या पंख्यांवर बोटभर धूळ. चार घरच्या बायका मिळून कमिटीकडे गेल्या. मावशीला आत घ्या, नाहीतर आमचे पंखे तुम्ही पुसा, असं तोंडावर सांगून आल्या.

सेक्रेटरीला एन्ट्री उघडावी लागली. पण तो माणूस सरळ हरणाऱ्यातला नव्हता. त्याने मला गेटवर गाठलं. आमच्या सगळ्या बायका तिथेच होत्या, जाऊसुद्धा.

"तुमचा तो चहाचा नियम कळला मला," तो म्हणाला. "तुमच्या जाऊबाई रोज घेतात आमच्याकडे. आलं घालून. पोटमाळेही पुसून झाले."

सगळ्यांनी जावेकडे पाहिलं. ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आमची आणि दिराची एकच खोली, मध्ये पडदा, मोरी एकच. घरी गेल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "ताई, तुमाला सात घरं हायेत. मला येक बी न्हाय. ह्यांची कंपनी बंद पडल्यापास्नं मी तुमच्या तोंडाकडं बघून जेवते. त्या बाईंनी इचारलं, कायमची येतीस का. मी चहा घेतला." कारण खरं होतं. कारण खरं असलं म्हणून माझा राग काही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आत आली. आमची लिफ्ट अजून बंदच होती. ती सरळ आरशाच्या लिफ्टमध्ये शिरली, आरशात बघून पदर नीट केला आणि वर गेली. तिला चार घरं परत मिळाली, पाचवं जावेकडे राहिलं.

दिवाळीत मावशी चकल्या घेऊन आमच्याकडे आली. जावेने चहा केला आणि भीतभीत तिच्यापुढे ठेवला. मावशी तो कप सरकवून देईल अशी मला खात्री होती. मी वाटच बघत होते म्हणा ना. पण ती तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि जावेला म्हणाली, "त्या घरात डब्यांची झाकनं सांभाळ. बाईचं लक्ष असतंय."

तिला सोडायला बाहेर आले तेव्हा मी फणकारले, "कशाला घेतलास तिचा चहा?"

"माजं घर गेलं ते गेलं," ती म्हणाली. "तुमाला दोगींना येकाच मोरीत भांडी घासायची हायेत."

ती जिना उतरून गेली, एकेक पायरी, भिंतीला धरून. आत माझ्या कपातल्या चहावर साय आली होती. मी तो मोरीत ओतला.

अजूनही रोज सकाळी जाऊ पडद्याआडून विचारते, "ताई, चहा?" मी नको म्हणते आणि माझा वेगळा करून घेते. जिचं घर गेलं ती पिऊन मोकळी झाली, आणि मी माझ्याच घरात बदलीवर आल्यासारखी राहते आहे.