मानाची जागा आणि मधली जागा

माझा नवरा झुमाकादीर कुणाच्याही घरी गेला की आधी टाळी वाजवतो. रामराम नंतर. खोलीच्या मधोमध उभा राहून एक खणखणीत टाळी, मग डोळे मिटून ती कुठून परत येते ते ऐकायचं. आमच्या नारीन शहरात नवी घरं बांधणारे लोक त्याला होम थिएटर बसवायला बोलावतात, त्यांना आता या टाळीची सवय झाली आहे. पण माझ्या मावशीच्या मयताला तंबूत शिरून त्याने टाळी वाजवली, तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं होतं. वर मलाच सांगतो, लोकरीच्या नमद्याच्या तंबूत आवाज कसा छान मुरतो बघ.

आवाजाच्या बाबतीत तो महाहट्टी. मागचे स्पीकर कानापेक्षा वीतभर वर, बाजूचे बसणाऱ्याच्या रेषेत, आणि बसणारा भिंतीला टेकलेला नको, खोलीच्या मध्याजवळ हवा. एका बाईने मागचा स्पीकर काढून तिथे फुलदाणी ठेवली, तर हा आठवडाभर घरात सुतक असल्यासारखा वावरत होता.

एसेनकुल रशियात बांधकामावर राबून परत आला. त्याने इथे घर बांधलं आणि वडील गेल्यावर गावी एकट्या पडलेल्या आईला, बुरूल आपांना, घेऊन आला. आपांचं मन काही रमेना. दिवसभर आपल्या खोलीत बसून असायच्या. मोठा पडदा आणि चहूबाजूंनी आवाज असला तर त्या बाहेर येऊन चारचौघांत बसतील, असं एसेनकुलला वाटलं. त्याने माझ्या नवऱ्याला बोलावलं.

नवऱ्याने टाळी वाजवली, खोली मापली आणि टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर ठोकला. तीच भिंत लांब, तीच मोकळी. आवाजाच्या हिशेबाने काही चुकलं नव्हतं. पण दारासमोरची ती बाजू म्हणजे तोर. घरातलं सगळ्यात मोठं माणूस तिथे बसतं आणि सून दाराशी बसून चहा ओतते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवऱ्याच्या डोक्यात फक्त आवाज होता, आणि एसेनकुल खोकी उघडण्यात गुंग.

पहिल्याच दुपारी नातेवाईक जमले, आम्हालाही आमंत्रण होतं. बुरूल आपा आल्या, सरळ चालत गेल्या आणि तोरवर बसल्या. टीव्हीच्या खाली, आमच्याकडे तोंड करून. सिनेमा सुरू झाला. आपांच्या डोक्यावर घोडे धावत होते, पडद्याचा खालचा भाग त्यांच्या डोईच्या पांढऱ्या रुमालाआड गेला होता, आणि आम्ही सगळे सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांना उठा म्हणणार कोण? शेवटी एसेनकुल चाचरत म्हणाला, "आपा, जरा मधे येऊन बसता का? तिथे आवाज फार छान येतो."

"मग इथे कोण बसणार? हा?" आपांनी अंगठ्याने टीव्ही दाखवला.

आपा उठून खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी सून कानिशाय बघते तर त्यांनी बोचकं बांधलेलं. गावाकडच्या गाडीची चौकशी चालली होती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलाला एवढंच म्हणाल्या की घर छान बांधलंस, त्यात माझी जागा करायची तेवढी राहून गेली.

एसेनकुलने फोन करून सगळं सांगितलं. मी नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो ड्रिल घेऊन निघाला आणि मीही मागोमाग गेले, न जाणो पुन्हा काही उपद्व्याप केला तर. त्याने अख्खी खोली फिरवली. भिंतीतल्या वायरी उपसल्या, पडदा दाराच्या वर नेला, मागचे स्पीकर तोरच्या दोन्ही अंगांना लावले. आपा बोचकं शेजारी ठेवून उंबऱ्यातून बघत होत्या.

काम संपलं, चहा मांडला. आपा तोरवर बसल्या, घोडे पुन्हा धावू लागले. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्याला विचारलं, "इथे ऐकायला चांगलं येतं का रे?"

हो म्हण, अशी मी डोळ्यांनी खूण केली. पण याला आवाजाबद्दल खोटं बोलता येत नाही. "नाही, आपा. भिंतीपाशी आवाज घुमतो. चांगलं मधेच येतं."

एसेनकुलने कपाळाला हात लावला. आपा मात्र दाराकडे बघत होत्या. तिथे कानिशाय चहा ओतत होती, आता बरोबर पडद्याच्या खाली, त्याला पाठ करून. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"सूनबाई," आपा म्हणाल्या, "ये, मधे बस. मी माझ्या जागेवर आहे, मला तेवढं पुरे. ऐकायचं ते तू ऐक."

"आणि चहा?"

"एसेनकुलला हात आहेत."

कानिशाय अवघडून मधे बसली. मागून घोडे आले तशी दचकून वळली आणि हसली. आपांनी तिला सांगून टाकलं, सिनेमा संपला की माझं बोचकं सोड.

मला रडू आवरेना. माझा नवरा गावभर लोकांना मधली जागा शोधून देत हिंडतो, आणि आमच्या घरी मी लग्नापासून दाराशी बसते आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. घरी पोचल्यावर तो माझ्या आधी दाराशी जाऊन बसला, चहाचा समोवर पुढ्यात ओढला आणि पहिली वाटी माझ्यासाठी भरली.